इंटरनेटवर हापूस विकताना : लहान बागायतदाराने आपली ओळख कशी उभी करावी?

कोकणातील हापूस आंबा पूर्वी बहुतांशी एकाच वाटेने जात असे. बागेत पेट्या भरल्या जात, ट्रक वाशीच्या बाजाराकडे निघे आणि काही दिवसांनी आडत्याची पट्टी हाती पडे. आंबा कोणी खाल्ला हे बागायतदाराला कळत नसे आणि तो कोणी पिकविला हे खाणाऱ्याला कळत नसे. ही वाट आजही चालू आहे. मात्र तिच्या जोडीला दुसरी वाट तयार झाली आहे. महाराष्ट्र शासनाने जुलै २०१६ मध्ये फळे व भाजीपाला बाजार समितीच्या नियमनातून मुक्त केला. त्यामुळे बाजार आवाराबाहेर थेट विक्री करण्यास कायद्याची आडकाठी राहिली नाही. मोबाईल फोन, घरबसल्या पैसे पाठविण्याची सोय आणि घरपोच वाहतूक यांमुळे तीन-चार एकरांचा बागायतदारही पुण्या-मुंबईच्या, तसेच बेंगळुरू, इंदूर, बडोदा येथील मराठी कुटुंबांपर्यंत पोहोचू लागला आहे.

या नव्या वाटेवर एक मोठी अडचण आहे. हंगामात कोणीही फोनवर शोध घेतला तर 'अस्सल देवगड हापूस' म्हणविणाऱ्या कितीतरी जाहिराती एकाखाली एक दिसतात. त्यांतील काही खऱ्या असतात, तर काहींच्या खोक्यात कोकणाबाहेरचा आंबा असतो. काही ठिकाणी पैसे घेऊन माल पाठविलाच जात नाही. एकदा फसलेला ग्राहक पुढे प्रत्येकाकडे संशयाने पाहतो. याचा फटका प्रामाणिक बागायतदाराला बसतो. म्हणून चांगला आंबा पिकविणे जसे आवश्यक, तसेच तो आपणच पिकविला आहे हे न पाहिलेल्या माणसाला पटवून देणेही आवश्यक झाले आहे. इंटरनेटवरील व्यावसायिक ओळख म्हणतात ती हीच.

ग्राहकाचे चार प्रश्न

अनोळखी बागायतदाराला पैसे पाठविण्यापूर्वी ग्राहकाच्या मनात चार प्रश्न असतात. हा माणूस कोण व कोठला? माल खरोखर याच्या बागेचा आहे काय? नेमके किती वजनाचे, कसे पिकविलेले फळ मिळेल? आणि फळ खराब निघाले तर पुढे काय? आपल्या पानावर, माहितीपत्रकात किंवा संदेशात या चार प्रश्नांची उत्तरे सरळ मिळाली तर विक्री होते. ती नसतील तर कितीही रंगीत चित्रे टाकून उपयोग होत नाही. पुढील सर्व सूचना या चार प्रश्नांना धरूनच दिल्या आहेत.

१. नाव, क्रमांक आणि मालकी

पहिले काम नाव ठरविण्याचे. नाव लहान, उच्चारायला सोपे आणि आपल्या गावाशी, वाडीशी किंवा घराण्याशी जोडलेले असावे. 'किंग', 'रॉयल', 'गोल्ड' असली नावे शेकड्यांनी आहेत. त्यातून आपण लक्षात राहत नाही. एकदा ठरविलेले नाव खोक्यावर, पावतीवर, व्हॉट्सॲपवर आणि संकेतस्थळावर अक्षरशः सारखे ठेवावे. खोक्यावर एक नाव, बँक खात्यावर दुसरे आणि फोनवर तिसरे असले की ग्राहक तेथेच थबकतो. बँक खाते घरातील दुसऱ्या व्यक्तीच्या नावे असल्यास 'पैसे अमुक नावाने जमा होतील' असे आधीच लिहावे.

धंद्यासाठी स्वतंत्र सिमकार्ड घ्यावे. घरचा क्रमांक वापरल्यास हंगामात ना घरच्यांना फोन लागतो ना ग्राहकांना. हा क्रमांक वर्षभर चालू ठेवावा. हंगाम संपल्यावर रिचार्ज न केल्यास क्रमांक बंद पडतो आणि पुढे तो दुसऱ्याला दिला जाऊ शकतो. तसे झाल्यास जुन्या ग्राहकांचे फोन परक्या माणसाकडे जातील.

संकेतस्थळाचे नाव, म्हणजे डोमेन, घेताना विशेष दक्षता घ्यावी. 'डॉट इन' हे आपल्या देशाचे डोमेन असून ते परवडणाऱ्या वार्षिक शुल्कात मिळते. २०१४ पासून देवनागरी लिपीत 'डॉट भारत' हे डोमेनही उपलब्ध आहे. कोणतेही घेतले तरी त्याची नोंदणी बागायतदाराच्या स्वतःच्या नावाने, स्वतःच्या ई-मेल पत्त्याने व क्रमांकाने करावी. संकेतस्थळ बनविणारा कारागीर किंवा शिकलेला नातेवाईक हे काम सोयीसाठी आपल्या नावाने करून टाकतो. पुढे तो गाव सोडतो किंवा पैशांवरून वाद होतो, आणि पाच वर्षे खोक्यांवर छापलेले नाव हातचे जाते. सातबारा जसा आपल्या नावे असतो तशी डोमेनची नोंदही आपल्या नावे असावी. नूतनीकरणाची तारीख भिंतीवरच्या दिनदर्शिकेत लिहून ठेवावी. पासवर्ड एका वहीत लिहून घरातील आणखी एका विश्वासू व्यक्तीला ती वही ठाऊक असू द्यावी.

२. माल आपल्या बागेचा असल्याचा पुरावा

'अस्सल' हा शब्द आता प्रत्येक जाहिरातीत असतो, त्यामुळे त्याला वजन राहिलेले नाही. त्याऐवजी तपासून पाहता येईल असा पुरावा द्यावा. कोकण हापूसला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. ते सिंधुदुर्ग, रत्नागिरी, रायगड, ठाणे व पालघर या पाच जिल्ह्यांतील हापूसला लागू आहे. मात्र केवळ या जिल्ह्यात बाग आहे म्हणून मानांकनाचे चिन्ह खोक्यावर लावता येत नाही. त्यासाठी बागायतदाराने अधिकृत वापरकर्ता म्हणून स्वतंत्र नोंदणी करणे आवश्यक असते. मानांकन मिळविणाऱ्या संस्थांमार्फत हा अर्ज करता येतो. नोंदणी झाल्यावर तिचा क्रमांक आपल्या पानावर व खोक्यावर ठळक छापावा.

देवगड तालुक्यातील आंबा उत्पादकांच्या सहकारी संस्थेने २०२५ च्या हंगामात प्रत्येक फळासाठी स्वतंत्र क्रमांकाची स्टिकरे आणली. एका फळावरचे स्टिकर काढून दुसऱ्या फळावर लावता येऊ नये, अशी त्यांची रचना आहे. आपल्या भागात अशी सोय असल्यास तिचा लाभ घ्यावा आणि क्रमांक कसा तपासायचा हे ग्राहकाला दोन ओळींत समजावून सांगावे. ग्राहकाने स्वतः एकदा तपासून पाहिले की त्याचा विश्वास जाहिरातीपेक्षा कितीतरी पटीने बसतो.

बागेची माहितीही मोघम नको. गाव, तालुका, कलमांची संख्या, लागवड साधारण कधीची, हंगामात किती डझन माल निघतो हे लिहावे. आपण शेजाऱ्यांचा माल घेऊन विकत असाल तर तसे स्पष्ट सांगावे. 'आमच्या व वाडीतील आणखी चार बागायतदारांच्या बागेतील आंबा' असे लिहिण्यात कमीपणा नाही. दीडशे कलमांच्या बागेतून हजारो डझन माल कसा येतो, असा प्रश्न चाणाक्ष ग्राहक विचारतोच.

३. सुरुवात मोफत साधनांपासून करावी

पहिल्या वर्षी संकेतस्थळावर मोठा खर्च करण्याची गरज नाही. दोन मोफत साधने नीट वापरली तरी पुष्कळ काम होते.

पहिले, गूगलवरील व्यवसाय नोंद. ही नोंद केल्यावर नकाशावर आपले नाव, कामाची वेळ, फोन क्रमांक व छायाचित्रे दिसू लागतात. गूगल आपल्या पद्धतीने पडताळणी करून नोंद मान्य करते. नकाशावरील खूण बाग किंवा भरणीघर जेथे आहे तेथेच लावावी. मुंबई-पुण्यात दुकान नसताना तेथील पत्ता टाकणे नियमाविरुद्ध आहे. अशी नोंद बंद होऊ शकते आणि तिच्याबरोबर वर्षानुवर्षे जमलेले अभिप्रायही जाऊ शकतात. ग्राहक प्रत्यक्ष बागेत येत नसतील तर पत्ता झाकून, माल कोणत्या शहरांत पोहोचवितो तेवढेच दाखविण्याची सोय आहे. ती वापरावी.

दुसरे, व्हॉट्सॲप बिझनेस. यात मालाची सूची छायाचित्र व दरासह लावता येते, कामाची वेळ देता येते आणि नेहमीच्या प्रश्नांची उत्तरे आधीच लिहून ठेवता येतात. 'दर काय?', 'कधी मिळेल?', 'पिकलेला की कच्चा?' हे तीन प्रश्न हंगामात रोज पन्नास वेळा येतात. त्यांची नेटकी उत्तरे तयार ठेवल्यास वेळ वाचतो आणि घरातील कोणीही उत्तर दिले तरी ते सारखेच राहते. ग्राहकांच्या नावांना 'मागणी आली', 'पैसे जमा', 'माल पाठविला', 'तक्रार' अशा खुणा लावाव्यात. यामुळे एकही मागणी सुटत नाही.

अनेक ग्राहकांना एकत्र संदेश पाठविण्यासाठी गट करू नये. गटात प्रत्येकाचा क्रमांक सर्वांना दिसतो आणि दुसरे विक्रेते तो उचलतात. प्रसारण यादी करावी. ज्या ग्राहकाने आपला क्रमांक फोनमध्ये जतन केला आहे त्यालाच या यादीतील संदेश पोहोचतो, म्हणून पहिल्याच खरेदीच्या वेळी 'आमचा क्रमांक जतन करून ठेवावा' अशी विनंती करावी. हंगामात पाच-सहा संदेश पुरेत. रोज सुप्रभात पाठविणाऱ्याचा क्रमांक लोक बंद करून टाकतात.

४. संकेतस्थळ : पाच पाने पुरेत

दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी, दोन-तीनशे ग्राहक जमल्यावर स्वतःचे संकेतस्थळ करावे. समाजमाध्यमावरील पान ही भाड्याची जागा आहे. मालकाने नियम बदलले किंवा खाते बंद झाले तर आपल्या हाती काही राहत नाही. संकेतस्थळ ही आपली स्वतःची ओसरी होय. त्यावर पुढील पाने असावीत :

(अ) आमच्याविषयी : नाव, गाव, बागेची माहिती, नोंदणी क्रमांक, स्वतःचे व बागेचे छायाचित्र.
(आ) आजचा दर : वजनानुसार दर आणि तो कोणत्या तारखेचा आहे हे.
(इ) आंबा कसा पिकवावा : आढीची पद्धत, तयार फळाची ओळख, साठवण.
(ई) पाठवणी व बदली : कोणत्या शहरात किती दिवसांत, खराब फळाबाबतचा नियम.
(उ) संपर्क : फोन, फोन घेण्याची वेळ, पूर्ण पत्ता.

मजकूर मराठीत व इंग्रजीत असा दोन्ही ठेवावा. छायाचित्रे आकाराने लहान करूनच चढवावीत, अन्यथा साध्या फोनवर पान उघडायला वेळ लागतो आणि ग्राहक कंटाळून निघून जातो. गेल्या वर्षीचा दर पानावर तसाच राहिलेला दिसणे हे बंद दुकानाच्या फळीसारखे आहे. हंगाम नसताना 'या वर्षीचा हंगाम संपला. पुढील मागणी फेब्रुवारीपासून नोंदविली जाईल' अशी एक ओळ आवर्जून टाकावी.

५. वर्णन आणि छायाचित्र

वर्णनात विशेषणे कमी आणि माहिती जास्त असावी. 'जगातील सर्वोत्तम, रसाळ, मधुर, दर्जेदार हापूस' असे लिहिल्याने ग्राहकाला काहीच कळत नाही. त्याऐवजी पुढीलप्रमाणे लिहावे :

'फळाचे वजन २५० ग्रॅमच्या आसपास. एका डझनाचे वजन सुमारे ३ किलो. चौदा आणे तयार फळ झेल्याने देठासह काढलेले. गवतात भरून कच्चे पाठवितो. घरी पोहोचल्यावर ५ ते ७ दिवसांत खाण्याजोगे होते.'

हापूस डझनावर विकण्याची आपली रीत जुनी आहे. परंतु डझन ही केवळ संख्या झाली, त्यावरून फळ किती मिळणार हे कळत नाही. २०० ग्रॅमच्या फळांचा डझन २ किलो ४०० ग्रॅम भरतो, तर ३०० ग्रॅमच्या फळांचा डझन ३ किलो ६०० ग्रॅम. समजा, एकाने २०० ग्रॅमचा डझन ८०० रुपयांना व आपण २५० ग्रॅमचा डझन ९०० रुपयांना देत आहोत. पहिला वरवर स्वस्त वाटतो, पण किलोमागे तो सुमारे ३३३ रुपये पडतो आणि आपला ३०० रुपये. वजन लिहिले नाही तर ग्राहकाला हा फरक दिसत नाही व आपला चांगला माल महाग ठरतो. म्हणून दरासमोर फळाचे वजन नेहमी छापावे.

छायाचित्रे स्वतःच्याच बागेची असावीत. दुसऱ्याच्या पानावरून उचललेले चित्र ओळखणे आता कोणालाही सोपे झाले आहे. सकाळच्या उन्हात, पांढऱ्या कापडावर किंवा गवतावर फळ ठेवून चित्र घ्यावे. एक चित्र वजनकाट्यावरच्या फळाचे घ्यावे. मोहोर, कणी धरणे, काढणी, प्रतवारी, खोकी भरणे अशी हंगामभराची चित्रे तारखेसह टाकत गेल्यास बाग आपली असल्याचा तो आपोआप पुरावा होतो. असा पुरावा तोतया विक्रेत्याला एका रात्रीत तयार करता येत नाही.

६. साका, पक्वता आणि बदलीचा नियम

हापूसच्या थेट विक्रीतील बहुतेक तंटे एकाच कारणावरून होतात. फळ बाहेरून सुरेख असते, पण कापल्यावर आत पांढुरके व आंबूस निघते. हा साका होय. तो बाहेरून ओळखता येत नाही. शहरातील ग्राहकाला हे ठाऊक नसते, त्यामुळे आपल्याला सडका माल दिला असे त्याला वाटते. हे आधीच लिहून ठेवले तर तंटा टळतो. 'हापूसमध्ये साका हा नैसर्गिक दोष असून तो बाहेरून दिसत नाही. असे फळ निघाल्यास कापलेल्या फळाचे छायाचित्र दोन दिवसांत पाठवावे. त्या फळाची किंमत परत केली जाईल किंवा पुढील खोक्यात फळ वाढवून दिले जाईल,' असा स्पष्ट नियम करावा व तो पाळावा.

साक्याचे प्रमाण कमी करण्याचे काम मात्र बागेतच करावे लागते. फळे झाडावर पूर्ण पिकेपर्यंत न ठेवता साधारण ८० ते ८५ टक्के पक्वतेला काढावीत. काढणी सकाळी लवकर करावी व फळे उन्हात ठेवू नयेत. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाने विकसित केलेल्या नूतन झेल्याने देठासह काढणी केल्यास चीक सालीवर ओघळत नाही व फळ डागाळत नाही.

फळे पिकविण्यासाठी कॅल्शियम कार्बाईड वापरण्यास अन्नसुरक्षा नियमांनुसार बंदी आहे. इथिलीन वायूचा वापर ठरवून दिलेल्या मर्यादेत, म्हणजे दशलक्ष भागांत १०० भागांपर्यंत, करता येतो. आपण कोणती पद्धत वापरतो हे पानावर लिहावे. 'सेंद्रिय' हा शब्द प्रमाणपत्र असल्याखेरीज वापरू नये. त्यापेक्षा कोणत्या महिन्यात कोणती फवारणी केली व शेवटची फवारणी काढणीपूर्वी किती दिवस केली, याची यादी दिल्यास ग्राहकाला अधिक पटते.

७. अभिप्राय आणि तक्रारी

नवा ग्राहक जुन्या ग्राहकांचे अभिप्राय वाचूनच निर्णय घेतो. म्हणून माल पोहोचल्यावर आठवड्याने, फळे खाऊन झाल्यावर, अभिप्राय देण्याची विनंती करावी. मात्र स्वतःच किंवा नातेवाईकांकरवी ग्राहक म्हणून खोटे अभिप्राय लिहू नयेत. २०२० च्या ई-वाणिज्य नियमांनुसार, स्वतःच्या संकेतस्थळावरून नियमित धंदा करणाऱ्याने ग्राहक असल्याचे भासवून अभिप्राय देण्यास मनाई आहे. याच नियमांनुसार विक्रेत्याचे नाव, पत्ता व तक्रार ऐकणाऱ्या व्यक्तीची माहिती संकेतस्थळावर असावी लागते. तक्रारीची पोच ४८ तासांत व निवारण महिनाभरात व्हावे लागते. आंब्याच्या बाबतीत ४८ तासांत फळ नासते, म्हणून उत्तर त्याच दिवशी द्यावे.

वाईट अभिप्राय आला तर रागाने उत्तर देऊ नये किंवा गप्पही बसू नये. 'आपल्या खोक्यातील तीन फळे खराब निघाली याचे वाईट वाटते. त्यांची किंमत आज परत केली आहे. वाहतुकीत एक दिवस जास्त गेल्याने असे झाले. यापुढे त्या मार्गावर माल पाठविण्याचा वार बदलत आहोत,' असे उत्तर पुढचे शंभर लोक वाचतात. सगळेच अभिप्राय गोड असलेल्या पानापेक्षा, दोन तक्रारी व त्यांची प्रामाणिक उत्तरे असलेले पान अधिक विश्वासार्ह वाटते.

८. पैशांचे व्यवहार व फसवणुकीपासून संरक्षण

यूपीआयने पैसे घेणे सोयीचे असले तरी पुढील दक्षता घ्यावी.

• पैसे घेण्यासाठी पिन टाकावा लागत नाही. 'पैसे पाठवितो, पिन टाका' किंवा 'हा क्यूआर स्कॅन करा' असे कोणी म्हटल्यास तो फसविण्याचाच प्रयत्न समजावा.
• ग्राहकाने पाठविलेल्या पावतीच्या चित्रावर विसंबू नये. खात्यात रक्कम जमा झाल्याची खात्री करूनच खोके बाहेर काढावे.
• व्हॉट्सॲपवर दोन टप्प्यांची पडताळणी चालू करावी. फोनवर आलेला सहा अंकी संकेत कोणालाही सांगू नये.
• आपल्या नावाने कोणी बनावट पान काढले आहे काय, हे हंगामापूर्वी व हंगामात आठवड्यातून एकदा स्वतः शोधून पाहावे. आढळल्यास त्या माध्यमाकडे तक्रार करावी व आपल्या खऱ्या क्रमांकाची सूचना ग्राहकांना द्यावी. पैशांची फसवणूक झाल्यास १९३० या क्रमांकावर ताबडतोब कळवावे. जितक्या लवकर कळवाल तितकी रक्कम अडविण्याची शक्यता जास्त असते.

ग्राहकांची नावे, पत्ते व क्रमांक यांची यादी ही या धंद्याची खरी पुंजी आहे. तिची प्रत दर आठवड्याला दुसऱ्या ठिकाणी ठेवावी. ती कोणाला विकू किंवा देऊ नये. वैयक्तिक माहितीच्या संरक्षणासाठी २०२३ मध्ये स्वतंत्र कायदा झाला आहे. कायदा बाजूला ठेवला तरी, आपला क्रमांक दुसऱ्याला दिला हे कळताच ग्राहक कायमचा तुटतो.

९. प्रक्रिया केलेल्या मालासाठी

शेतकऱ्याने स्वतः पिकविलेले ताजे फळ शेतावरूनच विकले तर त्याला अन्नसुरक्षा कायद्यातून सूट आहे. परंतु आमरस, लोणचे, आंबापोळी, मुरंबा, कोकम सरबत असे पदार्थ विकायचे झाल्यास अन्नसुरक्षा प्राधिकरणाची नोंदणी किंवा परवाना घ्यावा लागतो. त्याचा १४ अंकी क्रमांक वेष्टनावर छापावा. निव्वळ वजन, किंमत, तयार केल्याचा महिना व वर्ष, उत्पादकाचे नाव, पत्ता आणि तक्रारीसाठी संपर्क हेही वेष्टनावर असावे. हीच माहिती संकेतस्थळावरही द्यावी.

१०. हिशेब मांडून मगच उडी घ्यावी

थेट विक्रीचा डझनी दर पाहून भुलू नये. एक उदाहरण घेऊ. समजा, एका डझनाला ९०० रुपये मिळाले. त्यातून खोके, गवत व भरणावळ ७० रुपये, वाहतूक व घरपोच १२० रुपये, बदली फळांपोटी पाच टक्के म्हणजे ४५ रुपये आणि जाहिरात, फोन व संकेतस्थळ मिळून ४० रुपये असा २७५ रुपये खर्च गेला. हाती राहिले ६२५ रुपये. तोच माल बाजारात पाठवून खर्चवजा ५२५ रुपये हाती येत असतील तर फायदा डझनी १०० रुपयांचा. तीनशे डझनांवर तो ३० हजार रुपये होतो. घरातील एक माणूस दोन महिने फोनवर व खोक्यांमागे गुंतणार असेल तर त्याची मजुरीही यातच धरावी. प्रत्येकाने आपले आकडे घालून हा हिशेब करावा. पहिल्या वर्षी साधारण दहावा हिस्साच माल या मार्गाने विकावा व उरलेला नेहमीच्या वाटेने जाऊ द्यावा. लहान फळ किंवा डागी फळ घरपोच पाठवू नये. ते रसासाठी किंवा कॅनिंगसाठी द्यावे.

वर्षभराच्या कामाचे वेळापत्रक

जून-जुलै : हिशेब, ग्राहक यादी दुरुस्त करणे, तक्रारींचा आढावा.
ऑगस्ट ते ऑक्टोबर : नोंदणी, परवाने, डोमेनचे नूतनीकरण, संकेतस्थळाची दुरुस्ती.
नोव्हेंबर ते जानेवारी : मोहोर व फळधारणेची चित्रे, जुन्या ग्राहकांना एक संदेश.
फेब्रुवारी : दर निश्चित करणे, खोकी छापणे, वाहतूकदाराशी बोलणी, आगाऊ मागणी नोंदविणे.
मार्च ते मे : विक्री, रोजच्या रोज उत्तरे, आठवड्याला दर व तारीख बदलणे.

आगाऊ मागणी घेताना मालाचा अंदाज जपून करावा. अवकाळी पाऊस, उष्णतेची लाट किंवा फुलकिडे यांमुळे पीक कमी आले तर घेतलेल्या मागण्या पुऱ्या होत नाहीत. अशा वेळी बाहेरचा आंबा विकत घेऊन आपल्या खोक्यात भरण्याचा मोह होतो. तो कटाक्षाने टाळावा. ग्राहकाला खरे कारण कळवून पैसे परत करावेत. तो पुढच्या वर्षी पुन्हा येतो; बाहेरचा आंबा खाल्लेला ग्राहक मात्र येत नाही.

शेतकरी बंधू-भगिनींनो, संकेतस्थळ पैसे देऊन कोणाकडूनही बनवून घेता येते, पण साख विकत मिळत नाही. एक नाव, एक क्रमांक, खरे वजन, तारखेसह दर आणि खराब फळाची भरपाई या पाच गोष्टी तीन हंगाम सांभाळल्या तर जाहिरातीवरचा खर्च कमी होत जातो, कारण जुना ग्राहकच नवा ग्राहक आणून देतो. या हंगामात निदान स्वतंत्र क्रमांक, व्यवसाय नोंद आणि बदलीचा लेखी नियम एवढ्या तीन गोष्टींनी सुरुवात करावी.